वज्रनादला विचारत आलेली मुलगी

दार उघडलं तर बाहेर एक मुलगी उभी. पाठीवर मोठी सॅक, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, चेहरा लालबुंद. भुसावळची एप्रिलमधली दुपार होती. अशा वेळी आमच्या रेल्वे कॉलनीत कुणी कुणाकडे जात नसे.

"वज्रनाद इथंच राहतात ना?" तिनं विचारलं.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "कोण?"

"वज्रनाद." तिनं मोबाईलमध्ये पत्ता पुन्हा तपासला. "क्वार्टर तर हेच आहे. के. भारंबे."

"भारंबे आम्हीच. पण माझ्या वडलांचं नाव प्रभाकर आहे आणि भावाचं चेतन. के कुणी नाही."

आईचं नाव कुमुद आहे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

ती मुलगी जरा हिरमुसली. मग म्हणाली, "एकदा घरात विचारता का? त्यांना फक्त सांगा, रणधीर आलाय. ते ओळखतील."

मी तिच्या पाठीमागे बघितलं. फाटकापाशी कुणी नव्हतं. समोर कडुनिंबाखालीही कुणी नव्हतं. हा रणधीर कुठं उभा आहे ते मला कळेना. पण तिला विचारायचंही सुचलं नाही. "थांबा," म्हणून मी आत गेले.

आई स्वयंपाकघरात बट्टीचं पीठ मळत होती. खिडकीतला कूलर इतका धडधडत होता, की बाहेरचं एक अक्षर आत ऐकू येत नव्हतं.

"आई, कुणीतरी वज्रनादला विचारतंय. रणधीर आलाय म्हणे."

आईचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. एखाद्याला भर बाजारात पाठीमागून लहानपणीच्या नावानं हाक यावी आणि त्यानं दचकून वळावं, तसं काहीतरी.

"रणधीर? घरी आलाय?" तिचा आवाज एकदम खाली गेला. "सांग, असं कुणी इथं राहत नाही."

"ते मी सांगितलंच, पण..."

"मग परत सांग. आणि दार लावून घे."

मी त्या मुलीला पाण्याचा तांब्या दिला आणि सांगितलं. ती पाणी प्यायली, तोंडावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "बरं. मी चंद्रपूरहून पुण्याला चालली. मुद्दाम मधे उतरली. संध्याकाळच्या गाडीपर्यंत स्टेशनवर, बायकांच्या वेटिंग रूममध्ये आहे. त्यांना काही वाटलंच तर..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. सॅक सारखी करून ती उन्हात चालायला लागली.

ही गोष्ट मोबाईलवर इंटरनेट अजून घरोघर आलेलं नव्हतं, तेव्हाची. मी बारावीची परीक्षा देऊन सीईटीच्या अभ्यासाला बसले होते. पप्पा मालगाडीचे ड्रायव्हर. त्यांची ड्यूटी कधी लागेल, कधी संपेल, याला काही धरबंध नसे. चेतनदादा पुण्याला इंजिनीअरिंगला होता आणि त्याचा जुना कॉम्प्युटर मागच्या खोलीत होता. पप्पा झोपायचे तेव्हा आवाज नको म्हणून तिथं पडदा लावलेला असे. घरात माझ्याशिवाय जागी असायची ती आई. तिच्यात काहीतरी बदललंय असं मला वर्षभर वाटत होतं, पण काय ते नेमकं सांगता येत नव्हतं.

म्हणजे असं, की पोळ्या लाटता लाटता ती पुटपुटायची. एकदा मी स्पष्ट ऐकलं होतं, "घोडदळ आधी पोचलं तर सगळं फुकट." मी विचारलं, "काय गं?" तर म्हणाली, "काही नाही, टीव्हीवरचं." आमच्याकडे दुपारी टीव्ही लागतच नसे. पावसाळ्यात वीज पडून मोडेम जळला तर आठवड्याच्या आत कुरिअरनं दुसरा आला. मी समजले दादानं पाठवला, दादा समजला पप्पांनी घेतला. आणि आई तारा जोडत, स्क्रीनवर कुठले तरी आकडे भरत तो सुरू करून बसली, तेव्हा मला वाटलं दादानं फोनवर सांगितलं असेल. प्रत्येक गोष्टीला काही ना काही कारण मिळायचं. त्यामुळे मी पुढे विचार करत नव्हते.

आज मात्र कारण मिळत नव्हतं. आई पुन्हा पीठ मळायला लागली होती, पण पीठ केव्हाच मळून झालेलं होतं. मला नको नको ते सुचायला लागलं. रणधीर नावाचा माणूस. आमचा पत्ता. पप्पा ड्यूटीवर असतानाची दुपार. पण मग ती मुलगी कोण? त्याची बहीण? बायको?

मी बाहेरच्या खोलीत येऊन दादाला फोन लावला. त्याच्या मागं मेसचा गोंगाट होता.

"दादा, वज्रनाद कोण?"

तो हसायलाच लागला. "तुला कुठं सापडलं ते? माझं गाव होतं ते, गं. कॉम्प्युटरवरचा खेळ. इंटरनेटवर खेळायचा. आपलं गाव वसवायचं, शेतं लावायची, भिंत बांधायची, फौज ठेवायची. लक्ष दिलं नाही की दुसरे येऊन लुटतात. परीक्षेच्या वेळी आईला सांगितलं होतं, दिवसातून दोनदा उघडून धान्य तेवढं कोठारात टाक. बटण कुठलं दाबायचं ते दाखवलं होतं."

"मग?"

"मग काय? मी सोडलं ते. केव्हाच."

"आता कोण खेळतं?"

"कुणी नाही. आत्तापर्यंत बेचिराख झालं असेल." गोंगाटात कुणीतरी त्याला हाक मारली. "का गं? काय झालं?"

काय झालं ते मलाच ठाऊक नव्हतं. मी फोन ठेवला आणि मागच्या खोलीत गेले. पडदा सरकवला. आई तिथं होती. पिठाचे हात धुऊन, पदर खोचून, कॉम्प्युटरसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली. तिची बोटं कीबोर्डवर चालत होती आणि ती कीबोर्डकडे बघत नव्हती.

मी तिला कधी टाईप करताना पाहिलं नव्हतं. मी स्वतः दोन बोटांनी अक्षरं शोधत लिहायचे.

"ये, बस," ती मागे न बघता म्हणाली. "तू दादाला फोन केलास ते कळलं मला."

स्क्रीनवर वरून पाहिल्यासारखं एक गाव होतं. गोल भिंत, आत घरं, कोठारं, बाहेर शेतं. बाजूला एक चौकट होती आणि तिच्यात ओळी वर सरकत होत्या. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. 'सरदार, दक्षिणेकडून आलेत, काय करू?' 'सरदार, धान्य पाठवू का तुषारला?' 'सरदार जेवायला गेले वाटतं.'

"सरदार कोण?" मी विचारलं.

आईनं लिहिलं, 'फौज बाहेर काढ. भिंतीवर विसंबू नकोस. धान्य लपव.' पलीकडून लगेच आलं, 'जी सरदार.'

मला हसावं की काय करावं ते कळेना. ही माझी आई. शिक्षक-पालक सभेत शेवटच्या बाकावर बसून, सर काही विचारतील म्हणून मान खाली घालणारी. बँकेत पप्पांच्या पाठीमागे उभी राहणारी.

"तूच वज्रनाद?"

"नाव दादाचं होतं. बदलता येत नव्हतं. मग राहू दिलं." ती खुर्चीतच माझ्याकडे वळली. "आधी नुसतं धान्य गोळा करायची. मग एका सकाळी उघडलं तर सगळं लुटलेलं. मला इतका राग आला, प्रणिता. कोण आहे बघू म्हटलं. मग भिंत बांधली. मग कळलं, एकट्यानं निभत नाही, गट लागतो. गटात गेले. तिथं सगळं इंग्रजीत चालायचं, हळूहळू मराठीत आणलं. गटाची एक वेबसाईट होती, ती सांभाळणारा मुलगा परीक्षेला गेला. कुणीतरी बघायला हवी होती. मी म्हटलं, मी बघते. म्हणजे, बघतो."

"बघतो?"

"त्यांना वाटतं, मी पुरुष आहे."

ती पुढं जे सांगत गेली त्यातलं निम्मं मला समजलं नाही. वेबसाईट म्हणजे नेमकं कुठं असते, ती उतरवून घेणं म्हणजे काय, तिची प्रत का ठेवायची. एका दुसऱ्या गटातल्या कुणीतरी ती वेबसाईट पार पुसून टाकली होती, आणि आई दर शनिवारी तिची प्रत काढून ठेवायची म्हणून ती एका दुपारीत परत उभी राहिली, असं काहीसं. त्या दिवसापासून रणधीर नावाचा गटातला माणूस पाठीस लागला होता, की तुम्ही आमच्या कंपनीत काम करा. पुण्याची लहानशी कंपनी. शाळांच्या, दवाखान्यांच्या वेबसाईट चालू राहतात की नाही ते बघायचं, बंद पडली तर उठवायची. घरी बसून होण्यासारखं काम. मोडेमही त्यानंच पाठवलेला.

"फोनवर बोला म्हणतो सारखा," आई म्हणाली. "मी टाळते. आता घरीच आला."

"तू भेटत का नाहीस?"

"त्यानं पुरुषाला बोलावलंय. मला बघून काय म्हणेल? वर्षभर सरदार, सरदार केलं. फसवलं असंच वाटेल त्याला. आणि परका माणूस, पप्पा घरी नाहीत..."

"आई, पण दारात माणूस नव्हताच. मुलगी होती."

"त्याची बहीण असेल."

"नाही. तिच्याबरोबर कुणी नव्हतं. ती एकटीच पुण्याला चाललीये. तीच म्हणाली, रणधीर आलाय."

आई माझ्याकडे बघत राहिली. बाजूच्या चौकटीत ओळी सरकत होत्या, तिचं लक्ष नव्हतं. मग तिनं तोंडावर हात ठेवला. हसतेय की रडतेय ते मला कळेना.

"जा," ती म्हणाली. "सायकल काढ. घेऊन ये तिला. जेवली नसेल ती."

वेटिंग रूममध्ये ती सॅकला टेकून बिस्किटं खात होती. मी म्हटलं, "चला, वज्रनादनी जेवायला बोलावलंय." ती ताडकन उठली. वाटेत सायकल हातात धरून आम्ही चालत होतो आणि ती एकसारखं विचारत होती, ते काय करतात, वय काय, रागीट आहेत का. मी काही सांगितलं नाही. काय सांगायचं असतं?

आई दारात उभी होती. साडी बदललेली नव्हती, पदराला पीठ तसंच होतं.

"सरदार कुठं आहेत?" मुलीनं मला विचारलं.

"रणधीर," आई म्हणाली, "परवा उत्तरेच्या गावाला तू कुमक उशिरा पाठवलीस. का?"

ती मुलगी जागेवर थांबली. तोंड उघडं पडलं होतं. तिनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, परत आईकडे. मग सॅक तिथंच पायरीवर टाकून ती मटकन खाली बसली आणि हसत सुटली. आईही हसायला लागली. मी मधे उभी. त्या दोघींमध्ये असं काहीतरी चाललं होतं, ज्यात मला जागा नव्हती.

तिचं नाव रेणुका देवतळे. त्या पुण्याच्या कंपनीत ती नोकरीला होती. खेळ कॉलेजमध्ये असताना सुरू केला होता, पहिल्यांदा स्वतःच्याच नावानं. "मुलीचं नाव दिसलं की झालं, काकू," ती बट्टी कुस्करता कुस्करता सांगत होती. "एक तर कुणी ऐकत नाही, नाही तर नंबर मागत बसतात. मग रणधीर झाली. लगेच सगळे ऐकायला लागले."

"काकू नको म्हणू," आई म्हणाली.

"मग काय म्हणू?"

आई लाजली. "तिथं म्हणतेस तेच."

जेवणं झाल्यावर रेणुकानं आमच्याच फोनवरून तिच्या साहेबांना, दामले सरांना, कळवलं की वज्रनाद भेटले, तुम्ही चार-साडेचारला फोन करा. फोन ठेवून ती आईला म्हणाली, "तुम्ही बाई आहात हे मी सांगितलं नाही. ते तुम्हीच सांगायचं. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी गळ घालतेय."

आईनं मान डोलावली, पण तिचे हात उगाच साडीच्या निऱ्या सारख्या करत होते.

आणि फोन यायच्या आधी पप्पा आले.

त्यांची गाडी खंडव्याहून लवकर सुटली होती. दारात त्यांनी त्यांची लाईन बॉक्स, ड्यूटीवर न्यायची पत्र्याची पेटी, ठेवली, आणि मागच्या खोलीतून तीन बायकांचा आवाज ऐकून तसेच बूट न काढता आत आले. आम्ही तिघी कॉम्प्युटरला चिकटलेल्या.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"माझी मैत्रीण," आई म्हणाली.

पप्पांना आईच्या सगळ्या मैत्रिणी माहीत होत्या. दोन कॉलनीतल्या, एक माहेरची. "कुठली मैत्रीण?"

आईनं सांगितलं. उभं राहून, खुर्चीची पाठ घट्ट धरून, आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पप्पांच्या चेहऱ्यावर ड्यूटीची काजळी होती. ते आधी हसले.

"तू? खेळतेस?"

कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांचं हसू ओसरलं.

"वर्षभर? मी ड्यूटीवर गेलो की?" मग जरा थांबून, "पुरुषाच्या नावानं?"

"हो."

"आणि ही?"

"मी रणधीर," रेणुका म्हणाली आणि जीभ चावली.

पप्पा पलंगावर बसले. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. रागावलेले पप्पा मला ठाऊक होते. पण ते नुसतेच एकेकीकडे बघत होते, जसं चुकून दुसऱ्याच क्वार्टरमध्ये शिरले असावेत. "ही रणधीर. तू वज्रनाद," ते म्हणाले. "मग या घरात राहतंय कोण?"

याला उत्तर द्यायच्या आत बाहेरच्या खोलीत फोन वाजला.

आमच्याकडे फोन पप्पाच उचलायचे. ते घरी असताना वाजणारा फोन बहुतेक ड्यूटीचाच असे. सवयीनं ते उठले, आणि आम्ही पोचायच्या आत त्यांनी रिसीव्हर उचलला.

"भारंबे बोलतोय."

पलीकडून काहीतरी भरभर बोलणं सुरू झालं. आवाज मोठा होता, आम्हालाही तुटक तुटक ऐकू येत होता. '...फार कौतुक ऐकलंय तुमचं... त्या दिवशी तुम्ही जे केलंत... आम्हाला असाच माणूस हवाय...' पप्पा कान देऊन ऐकत होते. एकदा म्हणाले, "हं." पुन्हा म्हणाले, "हो का." त्यांची नजर आईवर होती. आई भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि तिनं नकारार्थी मान हलवली. मला कळलं नाही ती कशाला नको म्हणतेय. फोनला, नोकरीला, की पप्पांनी काही सांगण्याला. रेणुकानं माझा हात धरला होता.

पप्पांनी रिसीव्हरवर तळवा ठेवला.

"हे साहेब मला तू समजताहेत," ते आईला म्हणाले. "काय सांगू?"

आई त्यांच्या हातातल्या रिसीव्हरकडे बघत होती.

"सांग ना. नाही म्हणू?"

त्यांच्या आवाजात धमकी नव्हती की आग्रह नव्हता. खरोखरच विचारत होते ते. आजही मी तो क्षण आठवते तेव्हा मला वाटतं, पप्पांनी आईला इतक्या वर्षांत असं विचारलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. आणि कदाचित तेही त्यांना कळलं नसेल.

आई पुढं आली. तिनं त्यांच्या हातून रिसीव्हर घेतला.

"नमस्कार," ती म्हणाली. "मी कुमुद भारंबे."

पलीकडून बारीक आवाजात काहीतरी.

"नाही, ते माझे मिस्टर होते. तुम्हाला जो माणूस हवाय ती मीच. जे विचारायचं ते मलाच विचारा."

पलीकडून काहीच ऐकू येईना. रेणुकानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, त्यांनी फोन ठेवला. पण आई हलली नाही. मग पलीकडून बोलणं सुरू झालं, आता हळू, तोलून मापून. आईनं कपाळाला आठी घातली.

"कधीपासून बंद आहे ती वेबसाईट? ... बरं. बंद पडायच्या आधी शेवटचा हात कुणाचा लागला? ... नाही सर, काही बदललं नाही असं होत नाही. कुणीतरी काहीतरी बदललेलं असतं आणि त्याला ते बदल वाटत नाही. ... हो, थांबते. विचारून या."

ती थांबली. रिसीव्हर कानाशी, नजर खिडकीबाहेर. पप्पा बूट घातलेलेच, तिच्यापासून दोन हातांवर उभे होते आणि श्वाससुद्धा जपून घेत होते.

"तेच म्हणते मी," आई एकदम म्हणाली. "पासवर्ड बदलला ना? मग तो ज्या ज्या फाईलमध्ये लिहिलाय तिथंही बदलायला हवा. बघा करून."

पुढं बोलणं बराच वेळ चाललं. आई कुठं अडली तर 'हे मला येत नाही, शिकावं लागेल' असं सरळ सांगत होती. फोन ठेवला तेव्हा तिचा कान लाल झाला होता.

"महिनाभर बघू म्हणाले," ती म्हणाली. "आवाज ऐकून जरा गडबडले. पण बघू म्हणाले."

रेणुकानं तिला मिठीच मारली. पप्पा बूट सोडायला खाली वाकले. वाकल्या वाकल्याच त्यांनी विचारलं, "मघाशी मी आलो तेव्हा ही पोरगी फौजा एकाच वेळी पोचवायचं म्हणत होती, ते कसं करतेस तू? वेगवेगळ्या गावांहून निघालेल्या?"

"ज्याला जास्त वेळ लागतो त्याला आधी सोडायचं. बाकीच्यांना थोपवून धरायचं."

"म्हणजे आमच्या गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलचंच काम," पप्पा स्वतःशी म्हणाले. मग बराच वेळ एकाच बुटाची नाडी सोडत बसले.

रेणुकाला गाडीत बसवून आम्ही परतलो तेव्हा दिवे लागले होते. आई सकाळची भांडी घासायला बसली. मी शेजारी विसळायला बसले. दिवसभर जे मनात होतं ते बाहेर आलं.

"मला का नाही सांगितलंस?"

आई घासत राहिली.

"पप्पांना नाही सांगितलंस, ठीक. पण मी तर घरातच होते. रोज पडद्याच्या या बाजूला."

"तुला राग आलाय?"

"मला काही कळतच नाहीये, मला काय झालंय ते."

तिनं पातेलं खाली ठेवलं. "तुम्ही सगळे मला दिवसभर विचारता," ती सावकाश म्हणाली. "टॉवेल कुठाय, लोणचं कुठाय, पप्पांची चावी कुठाय. मी सांगते. तिथं मला लोक विचारायचे, आता काय करायचं. आणि मी सांगायची, आणि ते व्हायचं. तुला सांगितलं असतं तर तू कौतुक केलं असतंस, मला माहितीये. 'माझी आई गेम खेळते' म्हणून मैत्रिणींना सांगितलं असतंस. तिथं मला कुणाची आई व्हायचं नव्हतं गं, थोडा वेळ."

मला तेव्हा ते लागलं. इतकं की मी हातातलं ताट तसंच धरून बसले. आता मी तेव्हाच्या आईच्या वयाची होत आलेय, मलाही मुलगी आहे, आणि ते वाक्य मला समजलंय असं मला बहुतेक दिवशी वाटतं. काही दिवशी अजूनही नाही वाटत.

महिन्याची नोकरी पुढं पुष्कळ वर्षं टिकली. आईच्या हाताखाली नंतर घरी बसून काम करणाऱ्या बायका आल्या; जळगावच्या, अकोल्याच्या, एक तर आमच्याच कॉलनीतली, पॉइंट्समनची सून. त्यांना मशीनची भीती वाटायची. आई म्हणायची, आधी पंधरा दिवस गाव वसवा, लुटून घ्या, परत उभं करा, मग माझ्याकडे या. दामले सर हसायचे, पण तिनं शिकवलेली बाई बंद पडलेल्या मशीनसमोर घाबरत नाही, हे त्यांनाही दिसत होतं. मी स्वतः पुढं दवाखान्यांच्या मशीन दुरुस्त करण्याच्या कामात पडले. एक्स-रे, सोनोग्राफी, असलं. उघडून बघायला मला भीती वाटत नाही. कुठून आलं हे, असं लोक विचारतात, तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

पण त्या संध्याकाळचं राहिलंच. भांडी झाल्यावर मी मागच्या खोलीत गेले. आई कॉम्प्युटरपाशी होती. मी शेजारी स्टूल ओढलं.

"मलाही गाव हवंय," मी म्हटलं.

ती उठली, मला तिच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसली. नवीन पान उघडलं. पहिलीच चौकट नावाची होती.

मी दोन बोटांनी अक्षरं शोधत लिहिलं. प्रणिता.

"असलं नाव ठेवलंस तर त्रास देतील," आई म्हणाली.

"देऊ देत."

मला वाटलं ती खोडायला लावेल. ती पुढं वाकली आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "मग शेतं नंतर. आधी भिंत बांधायला घे."